‘लाईट’ हा शब्द चुकीचा नाही, लाईटची बातमी मात्र सगळ्यांना कळेल अशी द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका सरांचं पत्र आलं होतं. मराठी माणूस ‘लाईट गेली’ म्हणतो ही खेदाची गोष्ट आहे, ‘वीजपुरवठा खंडित झाला’ असंच म्हणायला पाहिजे आणि निदान पेपरनं तरी ‘लाईट’ हा शब्द छापू नये असं त्यांचं म्हणणं. सरांना मराठीची तळमळ आहे, तिचा मला आदर आहे. पण मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात एका हायस्कूलला इंग्रजी शिकवतो आणि घरी ऊस आहे, थोडी द्राक्षबाग आहे, त्यामुळं हा शब्द मला वर्गात पण भेटतो आणि बांधावर पण, आणि दोन्हीकडचं बघून मला सरांचं म्हणणं पटत नाही. ‘लाईट’ हा आता आपला शब्द झालाय आणि तो काढून टाकला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे मला जरा सविस्तर सांगायचंय.

आमच्याकडं वीज पडते आणि लाईट येते-जाते. वळवाचा पाऊस सुरू झाला आणि कुणी ओरडलं ‘वीज आली’ तर रानातला माणूस झाडाखालनं बाहेर पळंल, आणि तसंच पळायला पाहिजे. ‘लाईट आली’ म्हटलं की तोच माणूस मोटरीच्या पेटीकडं जाईल. आभाळातली आणि तारेतली वस्तू शास्त्रानं एकच आहे हे आम्ही मुलांना शिकवतोच, पण रानात राहणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीपासनं जीव वाचवायचा असतो आणि दुसरीची रात्रभर वाट बघायची असते. लोकांनी त्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवले, कुणी समिती नेमून दिले नाहीत, आपोआप झालं. याला आळस कसं म्हणायचं?

आणि शब्द घेतला तो जसाच्या तसा घेतला नाही. इंग्रजीत लाईटला लिंग नाही, आपण तिला ‘ती’ केलं, कारण वीज पण ती आणि बत्ती पण ती. मग ‘लायटी’ असं अनेकवचन केलं, ‘लाईटीचं बिल’, ‘लाईटीवर चालणारी शेगडी’, ‘लाईटचा डांब’ (म्हणजे खांब) असं सगळं कुटुंबच तयार झालं. माझी आठवीची पोरं ‘लाईट गेली’चं इंग्रजी सरळ शब्दाला शब्द लावून लिहितात, तेव्हा मला समजावून सांगावं लागतं की इंग्रजी पुस्तकात त्याला पॉवर कट म्हणतात आणि बिलाला इलेक्ट्रिसिटी बिल. म्हणजे ज्या अर्थानं आपण लाईट म्हणतो त्या अर्थानं तो शब्द इंग्रजी शाळेच्या पेपरात चालतच नाही. उलट अंधारात हातात धरायच्या टॉर्चला आपण लाईट म्हणत नाही, बॅटरी म्हणतो. सगळी वाटणी आपल्या सोयीनं झालीय.

याआधी तरी काय होतं. दिवा आपला, दीप वरनं आलेला. वात आणि बत्ती दोन्ही संस्कृत वर्ति वरनं, एक आपल्या वाटेनं आली आणि एक हिंदीच्या. कंदील अरबीतला. आणि जे तेल आपल्या आज्या रेशनच्या दुकानातनं आणायच्या त्या घासलेटमध्ये तर लाईट आधीपासनंच बसलीय, गॅसलाईटचं घासलेट झालं. आज कोण म्हणतं घासलेट परकं आहे?

वर्गात एक प्रश्न दर वर्षी येतो, सर लाईटच्या स्पेलिंगमध्ये जी आणि एच कशाला, उच्चार तर होत नाही. पूर्वी व्हायचा. जुन्या इंग्रजीत तिथं ख आणि ह यांच्या मधला घशातला आवाज होता, जर्मन माणूस आज पण तो काढतो, इंग्रजांच्या तोंडातनं गेला आणि कागदावर राहिला. दुसरी गोष्ट मुलांना जास्त आवडते. इंग्रजीत लाईट हा खरं तर एक शब्द नाही, दोन आहेत, उजेडाचा वेगळा आणि हलक्याचा वेगळा, दोघांची मुळं वेगळी, नुसते उच्चार घासत घासत एक झाले. उजेडवाल्याचं नातं आपल्या संस्कृतातल्या रुच् धातूशी आहे, रुच् म्हणजे चमकणं, त्यातनंच रुची आणि रोचक आले. आणि हलका या अर्थाचा जो लाईट आहे तो आपल्या ‘लघु’चा सख्खा नातेवाईक. लघुकथेतला लघु आणि लाईट वेटमधला लाईट हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातले. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची पोरं पण वर बघतात, आणि मला वाटतं भाषेबद्दल प्रेम असंच लागतं, ‘हा शब्द वापरू नका’ असं दटावून लागत नाही.

हा दुसरा, हलका लाईट पण आपल्याकडं भरपूर आहे. लाईट कलरची साडी, संध्याकाळी लाईट जेवण, चहा लाईट करा, आणि ‘लाईटली घेऊ नको’. इथं मात्र मला सावध करायचंय, कारण या लाईटच्या नावाखाली बाजारात बरंच काही खपतं. दुकानात तेलाच्या पिशवीवर लाईट लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईकाला वाटतं की हे खाल्लं तर वजन वाढणार नाही, पण कुठलंही खायचं तेल घ्या, शेंगतेल, सूर्यफूल, करडई, एका ग्रॅमला साधारण ९ कॅलरी असतातच. लाईट असेल तर रंगाला आणि वासाला. सिगारेटचं तर फारच वाईट. लाईट सिगारेट म्हणजे कमी धोक्याची असं लोकांना वाटायला लागलं, प्रत्यक्षात ओढणारा त्याच तलफेसाठी जास्त खोल आणि जास्त झुरके घेतो आणि विष तेवढंच छातीत जातं, म्हणून बऱ्याच देशांनी पाकिटावर हा शब्दच छापायला बंदी केली. शब्दांवर बंदी घालायची हौस असेल तर ती अशा ठिकाणी घाला, जिथं शब्द माणसाला फसवतो.

गाडीच्या लायसनवर एलएमव्ही, म्हणजे लाईट मोटर व्हेईकल, असतं त्यातला पण पहिला शब्द हाच, लाईट. पोरांना वाटतं लाईट म्हणजे छोटी कार, पण कायद्यात साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहन लाईटमध्ये धरतात, एवढं वजन ज्याच्या हातात द्यायचं त्याला त्याचा अंदाज असायला पाहिजे. आणि वाहनाचं निघालंच आहे तर आमच्या भागातल्या दुसऱ्या लाईटबद्दल पण लिहितो. कारखाने सुरू झाले की रात्री ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो, पुढं ट्रॅक्टरची लाईट लखलखीत आणि मागच्या ट्रॉलीला ना लाल लाईट ना रिफ्लेक्टर, उसाची मोळी बाहेर आलेली, आणि मागनं येणारा मोटरसायकलवाला थेट तिच्यात जातो. दर सीझनला आपल्या जिल्ह्यात आणि सातारा, कोल्हापुरात ही बातमी येते आणि ती बातमी पण ‘अपघातात एक ठार’ एवढीच असते. मागं लाईट होती का, रिफ्लेक्टर होता का, हे एक वाक्य प्रत्येक बातमीत छापाच, ट्रॉलीमालकावर आणि कारखान्यावर त्याचा दाब येईल.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो.

शेतकऱ्याच्या तोंडात लाईट म्हणजे थ्री फेज, तीन तारांतनं येणारी. घरात बल्ब चालू आहे, टीव्ही चालू आहे, बायको म्हणते लाईट आहे की, आणि नवरा म्हणतो लाईट नाही, आणि दोघं पण खरं बोलत असतात. घराला सिंगल फेज पुरते, रानातल्या पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीला तिन्ही फेज लागतात. तीनपैकी एक फेज गेली तर मोटर नुसती हुं हुं करत बसते, तापते, आणि वेळेत बंद झाली नाही तर जळते. मोटर जळली की विहिरीतनं नायतर नदीवरनं वर काढा, वायंडिंगला न्या, तोपर्यंत पाणी बंद, उन्हाळ्यात तेवढ्यात लागणीचा ऊस सुकतो आणि बागेच्या घडाचं तर विचारूच नका. म्हणजे लाईट आली का एवढं कळून भागत नाही, कुठली आली, तिन्ही फेज आल्या का, व्होल्टेज किती, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, डिओ नावाचा फ्यूज पडलाय का, असं सगळं त्या एका शब्दात भरलेलं असतं. बांधावरनं एकजण ओरडून विचारतो ‘लाईट आलीया का रं’ आणि पलीकडचा ‘दोनच हायत’ म्हणतो, एवढ्यात सगळा व्यवहार होतो. ‘वीजपुरवठा पूर्ववत झाला आहे का’ या वाक्यात यातलं काहीच येत नाही.

आणि आता तुमच्या पेपरात येणाऱ्या सूचना बघा. ‘तांत्रिक देखभाल दुरुस्तीच्या कामानिमित्त उच्चदाब वाहिनीवरील वीजपुरवठा खंडित राहणार असल्याची ग्राहकांनी नोंद घ्यावी.’ मराठी शुद्ध आहे, चूक काढायला जागा नाही. पण कुठला फिडर, म्हणजे लाईटची कुठली मुख्य लाईन, गावठाणची का शेतीची? थ्री फेज जाणार का सगळीच जाणार? पिठाची गिरणी चालणार का? आमच्या गल्लीतल्या आजींना दम्याचं मशीन लागतं, त्यांनी दुसरीकडं जायचं का नाही? यातलं काहीच त्या वाक्यात नाही. मी इंग्रजी शिकवणारा, तरी मला ती सूचना दोनदा वाचावी लागते, मग साठी ओलांडलेल्या, चौथी शिकलेल्या माणसानं काय करायचं, तो पेपर बाजूला ठेवतो आणि वायरमनला फोन लावतो, वायरमन डांबावर असतो, फोन उचलत नाही.

त्यात रात्रीच्या लाईटचा घोळ वेगळाच. शेतीला लाईट पाळीपाळीनं असते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. वेळापत्रकात छापलेलं असतं ‘सोमवार रात्री १२ ते सकाळी ८’. आता सांगा, ही रविवारी जेवून झोपल्यावरची रात्र का सोमवारी जेवून झोपल्यावरची? घड्याळानं बघितलं तर रविवारी रात्री बारा वाजले की सोमवार सुरू, आणि गावातल्या बोलण्यात सोमवारची रात्र म्हणजे सोमवार मावळल्यावरची. या एका गोष्टीवरनं माणसं चुकीच्या रात्री उठून रानात जातात. आमच्या शेजारचे एक आबा सत्तरीचे आहेत, थंडीत काठी आणि बॅटरी घेऊन नदीकडंला गेले, लाईट दुसऱ्या रात्रीची होती, तसेच ओल्या बांधावरनं परत आले. रात्री रानात जाणं म्हणजे साप आहे, विंचू आहे, उघड्या पेटीतला शॉक आहे, आणि शिराळ्याकडं, कराड-पाटणकडं तर उसात बिबट्याच आहे, तिथली बायकामाणसं अंधार पडल्यावर रानात पाऊल टाकायला भितात. एवढी जोखीम घेऊन जो माणूस निघतो त्याला निदान रात्र कुठली हे तरी बरोबर कळलं पाहिजे. शेतीला दिवसा लाईट द्या ही मागणी सगळ्यांचीच आहे आणि सौर योजनेतनं ती हळूहळू पुरी होईल असं सांगतात, होऊ दे, पण तोपर्यंत वेळापत्रक तरी समजंल असं छापा.

या शब्दाचं आपल्या भागाशी नातं किती खोल आहे ते पण सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते लगेच लक्षात येणार नाही. पाटण तालुक्यात कोयनेचं धरण आहे, १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्याच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातनं बोगद्यानं पलीकडं कोकणात उतरवून त्यावर लाईट तयार होते. सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला तर धरण रिकामं न करता तळ्याच्या खालनं भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं, लेक टॅपिंग म्हणतात त्याला. पाण्यावरच्या लाईटचा मोठा गुण हा की ती चटकन वाढवता येते. संध्याकाळी सातला सगळ्या महाराष्ट्रातल्या लायटी एकदम लागतात तेव्हा कोळशाचं केंद्र लगेच जोर धरत नाही, त्याला तास लागतात, आणि कोयनेचा संच काही मिनिटांत उचल घेतो. याच कोयनेनं ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप पण बघितला, त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून ती पहाट येते. आणि ज्यांची गावं शिवसागराखाली गेली ती माणसं आपल्या सांगली जिल्ह्यात पण येऊन राहिलीत. त्यांच्यासमोर ‘लाईट हा परका शब्द’ असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, त्यांनी त्या शब्दासाठी घर दिलंय.

त्याच कोयना-कृष्णा खोऱ्याचं पाणी आम्हाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पण बघायला मिळालं. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात, डीपी पाण्यात, डांब पाण्यात, त्यामुळं लाईट मुद्दाम बंद ठेवलेली, आणि ते बरोबरच होतं, पाण्यात करंट उतरला तर काय होईल. पण लोकांना हेच कळत नव्हतं की बंद का आहे आणि पाणी ओसरल्यावर घरात गेलं की आधी काय करायचं. मेन स्विचला हात लावायच्या आधी वायरमनकडनं तपासून घ्या, भिंती ओल्या असतील तर बोर्डाला शिवू नका, भिजलेला फ्रीज आणि मोटर वाळवून तपासल्याशिवाय लाईटला जोडू नका, असं चार साध्या वाक्यात पहिल्या पानावर आलं असतं तर फार उपयोग झाला असता. दर पावसाळ्याच्या तोंडाला ते छापा, आणि त्यात ‘विद्युत संच मांडणी’ असं लिहू नका, वायरिंग म्हणा, बोर्ड म्हणा, लाईट म्हणा.

गणपतीतल्या लेझरबद्दल पण एक ओळ लिहितोच. लेझर या शब्दातलं पहिलं अक्षर म्हणजे पण लाईटच आहे, आणि लहान पोरांना तिचा धोका समजत नाही कारण लाईट म्हटल्यावर भिंतीवरची शोभा डोळ्यापुढं येते. ही लाईट सरळ डोळ्यात गेली तर आतला पडदा भाजतो आणि तो चष्म्यानं दुरुस्त होत नाही. गेल्या काही वर्षांत मिरवणुकीनंतर डोळे दुखावलेली मुलं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आल्यात. मंडळांनी लायटिंग जरूर करावं, आम्ही पण पोराबाळांना घेऊन बघायला जातो, पण लेझर गर्दीच्या डोळ्यावर सोडू नये.

तर साहेब माझी विनंती अशी. ‘वीज’ हा शब्द सोडा असं मी म्हणत नाही, अग्रलेखात, धोरणाच्या बातमीत तो शोभतो आणि तिथं तोच पाहिजे. पण गावपातळीची जी सूचना असते, वेळापत्रक असतं, ती लोकांच्या भाषेत लिहा. अशी: ‘उद्या गुरुवारी सकाळी ९ ते दुपारी ४ गावठाण फिडरची लाईट पूर्ण बंद. शेतीची थ्री फेज नेहमीच्या वेळेला मिळणार.’ बस, एवढंच. खाली कुठली कुठली गावं ते लिहा. रात्रीचं असेल तर ‘रविवारी रात्री १२ पासून सोमवारी सकाळी ८ पर्यंत’ असं दोन्ही वार घालून लिहा, जागा थोडी जास्त जाईल पण एक माणूस फुकट अंधारात जायचा वाचेल. सूचना तुमच्याकडं सरकारी भाषेत येते हे मला माहीत आहे, पण ती जशीच्या तशी चिकटवायच्या ऐवजी तुमच्या उपसंपादकांनी पाच मिनिटं देऊन उलगडली तर काही अवघड नाही. आणि ज्या सरांनी ते पत्र लिहिलं त्यांना पण माझं हेच सांगणं आहे, तुमचं मराठी चांगलं आहे, ते या कामाला द्या, एक सूचना सोपी करून बघा.

आमच्या शाळेतली नववी-दहावीची मुलं आसपासच्या गावांची यादी करायला तयार आहेत, कुठल्या गावाला गावठाणचा फिडर कुठला, शेतीचा कुठला, आणि लोक त्याला काय नावानं ओळखतात, कारण कागदावरचं नाव आणि बोलण्यातलं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. दिवाळीच्या सुट्टीआधी ती यादी पुरी होईल. तुमच्या पलूसच्या वार्ताहरांना सांगून ठेवा, मी स्वतः नेऊन देतो.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक शिक्षक, ता. पलूस, जि. सांगली